हिमदरीच्या तोंडाशी

अहमदनगरचा भुईकोट किल्ला हे काही बर्फाच्या गोष्टी आठवण्याचे स्थळ नव्हे. सभोवार दगडी तट, तटाबाहेर रुंद खंदक, आत मुरमाड जमीन आणि चैत्र-वैशाखात डोक्यावर तळपणारे ऊन, असे तेथील रूप. या जिल्ह्यातील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातील, सर्वांत उंच शिखर म्हणजे अकोले तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाई. त्याची उंचीही सुमारे ५,४०० फूटच आहे. माघातल्या पहाटे तेथे हातपाय गारठतात. पण बर्फाचा थर काही साचत नाही. अशा या मुलखातील किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने जे बारा राजबंदी आणून ठेवले, त्यांत एक असा पुरुष होता की, ज्याने तरुणपणी हिमालयातील बर्फाच्या भेगेत पडून मृत्यू अगदी जवळून पाहिला होता. ते पुरुष म्हणजे पंडित जवाहरलाल नेहरू.

नेहरूंचे घराणे मूळचे काश्मीरचे. अठराव्या शतकाच्या आरंभी त्यांचे पूर्वज राज कौल हे काश्मीरचे खोरे सोडून दिल्लीस आले. पुढे हे कुटुंब अलाहाबादेस स्थायिक झाले आणि तेथे १४ नोव्हेंबर १८८९ रोजी जवाहरलालांचा जन्म झाला. वडील मोतीलाल हे नामांकित वकील. घरात वैभव नांदत होते. परंतु आपण डोंगरातून मैदानात उतरलेली माणसे आहोत ही जाणीव त्या घरातून कधी गेली नाही. १९०५ साली मोतीलालांनी मुलास शिक्षणासाठी इंग्लंडला नेले. हॅरो येथील शाळा आणि केंब्रिज विद्यापीठ येथे जवाहरलालांचे शिक्षण झाले. विज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९१० साली पदवी मिळाल्यावर ते काही प्रवाशांसमवेत नॉर्वे देशात गेले. डोंगरातून पायी चालून सर्वजण दमले होते. मुक्कामाच्या लहानशा उपाहारगृहात स्नानाची सोय नव्हती. तेव्हा जवाहरलाल व एक इंग्रज तरुण जवळच्या ओढ्यावर गेले. हा ओढा हिमनदीतून निघालेला होता. पाणी फार खोल नव्हते. पण ते इतके गार होते की, पाय घसरून पडताच जवाहरलालांचे अंग बधिर झाले. हातपाय हलेनात आणि प्रवाह त्यांना ओढून नेऊ लागला. इंग्रज सोबती कसाबसा काठावर आला, काठाने धावत पुढे गेला आणि त्याने त्यांचा पाय धरून त्यांना बाहेर खेचले. तेथून दोन-तीनशे यार्डांवर तो ओढा एका प्रचंड कड्यावरून खाली कोसळत होता, हे त्या दोघांना मागाहून कळले. हिमाने दिलेली ही पहिली ताकीद होती. तरुणपणी अशा ताकिदी कोण मनावर घेतो?

१९१२ साली जवाहरलाल बॅरिस्टर होऊन मायदेशी परतले. १९१६ साली वसंतपंचमीच्या दिवशी दिल्लीस त्यांचा कमलादेवींशी विवाह झाला आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात सर्व कुटुंब काश्मीरला गेले. घरची मंडळी खोऱ्यात राहिली. जवाहरलाल मात्र नात्यातील एका भावाला बरोबर घेऊन लडाखच्या वाटेने डोंगर भटकावयास निघाले.

काश्मीरचे खोरे आणि लडाख यांच्यामध्ये झोजीला नावाची खिंड आहे. तिची उंची सुमारे साडेअकरा हजार फूट, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही अधिक. खिंडीच्या अलीकडे हिरवीगार वनश्री, तर पलीकडे गवताची काडीही न दिसणारे उघडेबोडके खडक. इतक्या उंचीवर हवा अत्यंत स्वच्छ असते; त्यामुळे दूरचा डोंगर हाकेच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो. मैदानातून आलेल्या माणसाचे अंदाज तेथे हटकून चुकतात.

जवाहरलालांचेही तसेच झाले. खिंडीच्या पलीकडे मटायन नावाच्या वस्तीजवळ त्यांचा तळ पडला होता. अमरनाथाची प्रसिद्ध गुहा तेथून अवघी आठ मैल आहे, असे त्यांना कोणी तरी सांगितले. मध्ये बर्फाने आच्छादलेला एक मोठा पर्वत होता खरा. पण आठ मैल म्हणजे काय! श्रीगोंद्याकडचा शेतकरी आठवड्याच्या बाजाराला एवढे अंतर सहज चालून जाई. अंतर मैलांत मोजले, चढ मात्र मोजलाच नाही. एका स्थानिक मेंढपाळास वाटाड्या म्हणून घेऊन पहाटे चार वाजता ही मंडळी निघाली.

चढ सुरू झाला. एकामागून एक हिमनद्या लागू लागल्या. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे साचून, दाबले जाऊन घट्ट झालेले आणि उतारावरून अतिशय मंद गतीने खाली सरकणारे बर्फ. सर्वांनी एक लांब दोर घेऊन तो आपापल्या कमरेस बांधला, म्हणजे एकाचा पाय निसटला तर इतरांनी त्याला सावरावे. हवा विरळ होत गेली, श्वास अपुरा पडू लागला. ओझी हलकी असूनही काही हमालांच्या तोंडून रक्त आले. तेवढ्यात नवे बर्फ पडू लागले. पायाखालची वाट निसरडी झाली. येथे परत फिरावयास हवे होते. परंतु कोणीही परत फिरले नाही. बारा तास चढल्यावर समोर एक विस्तीर्ण हिमक्षेत्र दिसले. चोहीकडे शुभ्र शिखरे आणि मध्ये पांढरे पठार! हे दृश्य क्षणभरच दिसले. मग धुक्याने आणि पडत्या बर्फाने ते झाकून टाकले. हे अर्ध्या मैलाचे पठार ओलांडले की उतार आणि उताराच्या तळाशी गुहा. चढण संपली, तेव्हा संकटही संपले असे सर्वांना वाटले.

खरे संकट त्या सपाटीवरच होते. हिमनदी वाकड्यातिकड्या खडकांवरून सरकत असते, त्यामुळे तिला ठिकठिकाणी ताण बसून ती फाटते व तिच्यात खोल भेगा पडतात. अशा भेगेस हिमदरी म्हणतात. ती कधी हात-दोन हात रुंद असते, तर कधी एखादी खोली मावेल एवढी. आणि खोली तर शंभर फुटांचीही असू शकते. भेग उघडी असली तर माणूस तिला टाळील. पण वाऱ्याने उडालेले आणि आकाशातून पडलेले ताजे बर्फ भेगेच्या दोन्ही कडांवर साचत साचत मध्ये एकत्र येते आणि तिच्या तोंडावर एक पातळ पूल तयार होतो. वरून पाहणाऱ्यास तो पूल आणि सभोवतीचे घट्ट बर्फ यांत काहीच फरक दिसत नाही. आपल्याकडे पडीक रानात एखाद्या जुन्या, कठडा नसलेल्या विहिरीवर वेली आणि वाळके गवत पसरते आणि नवखे गुरू त्यात पाय घालते, तसाच हा प्रकार. थंडीने कडक झालेला जुना पूल माणसाचे ओझे पेलतो. नव्याने पडलेले भुसभुशीत बर्फ मात्र पेलत नाही.

जवाहरलालांचे पाऊल अशाच ताज्या बर्फावर पडले. ते बर्फ खचले आणि ते सरळ हिमदरीत गेले. खाली अंधार होता. तळाशी जो जाईल, त्याचा देह युगानुयुगे बर्फातच राहावयाचा. परंतु कमरेचा दोर ताणला गेला आणि तुटला नाही. भेगेच्या कडेला त्यांनी हातांनी घट्ट धरून ठेवले आणि वरच्या सोबत्यांनी त्यांना ओढून बाहेर काढले.

एवढे होऊनही ही मंडळी पुढेच निघाली, याचे आज आश्चर्य वाटते. पण पुढील भेगा अधिकाधिक रुंद होऊ लागल्या. त्या ओलांडण्यास शिडी नव्हती, अन्य साधने नव्हती. अखेर थकलेली व निराश झालेली ती मंडळी आल्या वाटेने परतली. अमरनाथाची गुहा राहून गेली.

त्या दिवशी आणखीही एक संकट टळले, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या वेळी नवे बर्फ जोराने पडत असते, त्या वेळी उतारावर हिमस्खलनाचे भय सर्वांत अधिक असते. डोंगरावरचे बर्फ एकजीव नसते. प्रत्येक हिमवर्षावाचा निराळा थर बसतो. एखादा थर कडक, एखादा मऊ, तर एखादा भरड साखरेसारखा रवाळ आणि सुटा. असा सुटा थर खाली दडलेला असला आणि त्यावर नव्या बर्फाचे ओझे पडले, की वरचा सगळा थर एकदम निसटतो. खळ्यात ज्वारीच्या राशीवर अधिक ज्वारी ओतत गेले की एका क्षणी तिची बाजू घसरते, तसेच हे. मात्र येथे घसरणाऱ्या राशीचे वजन शेकडो खंडी असते. फार सपाट जागी बर्फ घसरत नाही आणि फार उभ्या कड्यावर ते साचतच नाही. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत घातक. भर दुपारच्या उन्हाने ओले झालेले बर्फही असेच निसटते. म्हणून जाणते गिर्यारोहक पहाटेच्या अंधारात निघतात आणि ऊन चढण्यापूर्वी उतार ओलांडतात. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पाव तासाच्या आत बाहेर काढला गेला तर वाचण्याची आशा असते; पुढे ती झपाट्याने मावळते.

आपला हा प्रयत्न अविचाराचा होता, हे जवाहरलालांनी पुढे आत्मचरित्रात स्वच्छपणे मान्य केले. त्यांना अमरनाथास पुन्हा जावयाचे होते. कैलास आणि मानससरोवर पाहण्याची तर त्यांना फार उत्कंठा होती. पण देशाच्या कार्याने त्यांना दुसऱ्याच वाटेवर नेले. असहकाराची चळवळ सुरू झाली, तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. एकूण नऊ वेळा मिळून सुमारे नऊ वर्षे त्यांनी कारागृहात काढली. देहरादूनच्या तुरुंगात असताना काही काळ त्यांना फाटकाबाहेर थोडे फिरण्याची मुभा होती. तेथून समोर मसुरीचे डोंगर दिसत. त्या दर्शनाने बंदिवासाचे दिवस त्यांना सुसह्य होत. आत्मचरित्र त्यांनी १९३४-३५ साली तुरुंगातच लिहिले. ते पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९३६ रोजी, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे कमलादेवींचे निधन झाले होते. हिमदरीतून सोळा वर्षांपूर्वी नव्हे, वीस वर्षांपूर्वी परतलेल्या पतीचे आयुष्य त्यांनी तुरुंगाच्या भिंतींबाहेर उभे राहूनच बहुतांशी पाहिले.

मुंबईस छोडो भारतचा ठराव झाला आणि ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे नेत्यांची धरपकड झाली. आगगाडीतून महात्मा गांधींना चिंचवड येथे उतरवून पुण्याच्या आगाखान वाड्यात नेले. कार्यकारिणीच्या इतर सभासदांना अहमदनगरच्या किल्ल्यात आणले. मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव ही सारी मंडळी तेथे होती. ज्या किल्ल्यासाठी चांदबिबी मोगलांशी झुंजली, त्याच किल्ल्यात हे नवे झुंजार आले. जवाहरलालांना हिमशिखरे दिसण्याचा येथे प्रश्नच नव्हता. त्यांनी कुदळ घेतली आणि अंगणात फुलझाडांसाठी वाफे खणावयास आरंभ केला. जमीन निकृष्ट, दगडमातीने भरलेली. खणता खणता जुन्या भिंतींचे अवशेष वर येत. नगरच्या उन्हात तासन्‌तास खणून त्यांनी तेथे फुले फुलविली. आणि १९४४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांत भारताच्या इतिहासाचा शोध घेणारा आपला थोर ग्रंथ त्याच किल्ल्यात लिहून काढला. त्यात हिमालय आहे, गंगा आहे आणि काश्मीरही आहे. २८ मार्च १९४५ रोजी त्यांना तेथून हलविले आणि १५ जून रोजी अलमोड्याच्या तुरुंगातून त्यांची सुटका झाली.

स्वातंत्र्यानंतर ते पंतप्रधान झाले आणि झोजीलाची खिंड पुन्हा त्यांच्यापुढे आली. या वेळी मौजेची भटकंती म्हणून नव्हे. काश्मीरवर आक्रमण झाले होते आणि लेह शहरास शस्त्रे व माणसे पोचविणे निकडीचे होते. हिवाळ्यात झोजीला बंद असते. तिच्या दोन्ही अंगांच्या उतारांवरून हिमस्खलने होतात. तरीही फेब्रुवारी १९४८ मध्ये मेजर पृथी चंद आणि त्यांची लहानशी स्वयंसेवक तुकडी बर्फातून ती खिंड ओलांडून मार्चमध्ये लेहला पोचली. पृथी चंद हे लाहौलचे, म्हणजे जन्मापासून बर्फ पाहिलेले. आठ मैलांच्या हिशेबाने निघणे निराळे आणि बर्फाची नस ओळखून निघणे निराळे! पुढे शत्रूने ही खिंडच ताब्यात घेतली. हवा बिघडल्याने पुढे ढकलावी लागलेली चढाई अखेर १ नोव्हेंबर १९४८ रोजी झाली. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी वाट रुंद केली आणि तीवरून सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीत शिरले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल, हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या दिवशी खिंड परत मिळाली. भारताच्या रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र अहमदनगरासच आहे. त्यामुळे झोजीलाचे नाव नगरच्या छावणीत आजही अभिमानाने घेतले जाते.

२९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. साऱ्या देशात आनंदाची लाट उसळली. हारतुरे झाले, सत्कार झाले. अशा सत्कारांचा विसर पडावयास फार दिवस लागत नाहीत. परंतु जवाहरलाल आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधनचंद्र रॉय यांनी या आनंदातून एक टिकाऊ गोष्ट उभी केली. भारतीय तरुणांना डोंगर चढण्याचे रीतसर शिक्षण मिळावे म्हणून दार्जिलिंग येथे हिमालयन पर्वतारोहण संस्था स्थापन झाली आणि ४ नोव्हेंबर १९५४ रोजी जवाहरलालांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मेजर नरेंद्र धर जयाल हे तिचे पहिले प्राचार्य, तर प्रत्यक्ष डोंगरावरील शिक्षणाचे प्रमुख स्वतः तेनसिंग. गाठ कशी मारावी, दोरावर सोबत्याला कसे सावरावे, कुऱ्हाडीने बर्फात पायरी कशी खोदावी, बर्फ टोचून खालची पोकळी कशी ओळखावी, उतार पाहून कोठे पाऊल टाकू नये, हे सारे तेथे शिकविले जाऊ लागले. १९१६ साली मटायनहून निघालेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाला यांतले काहीच कोणी शिकविले नव्हते. त्याच्याजवळ एक दोर होता आणि तेवढ्याने भागले. जयाल यांना मात्र डोंगराने क्षमा केली नाही. १९५८ साली चो ओयू शिखराच्या मोहिमेवर आजारी पडून त्यांचा अंत झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जवाहरलाल भूतानच्या भेटीस निघाले. त्या काळी भूतानला मोटारीचा रस्ता नव्हता. एकोणसत्तरीस टेकलेले पंतप्रधान कन्या इंदिरा यांच्यासह चौदा हजार फुटांहून उंच असलेली नथु-ला खिंड ओलांडून, कधी तट्टावर बसून तर कधी पायी, अनेक दिवसांचा प्रवास करून पारोस पोचले. सरकारी दौऱ्याचे ते निमित्त होते, असे म्हटले तरी चालेल.

२७ मे १९६४ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांच्या रक्षेतील मूठभर भाग प्रयागास गंगेत सोडण्यात आला आणि उरलेली रक्षा विमानातून देशभरच्या शेतांवर विखुरली गेली. वर्षभरातच, २० मे १९६५ रोजी, भारतीय गिर्यारोहकांचे पहिले पथक एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्याच साली त्यांच्या नावाची पर्वतारोहण संस्था उत्तरकाशी येथे सुरू झाली, आणि १९६९ साली बर्फाचे थर व हिमस्खलने यांचा शास्त्रीय अभ्यास करणारे सरकारी केंद्र मनालीस निघाले. झोजीलाच्या पोटातून बारमाही रस्ता नेणाऱ्या बोगद्याचे काम २०२० साली हाती घेण्यात आले.

शिक्षणाने संकट कमी होते, नाहीसे होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेतील शिकाऊ गिर्यारोहकांचे एक पथक आपल्या शिक्षकांसह द्रौपदी का दांडा या शिखराच्या वाटेवर असता वरचा बर्फाचा थर निसटला आणि त्याने अनेकांना एका हिमदरीत ढकलले. एकोणतीस जण त्या दिवशी गेले. जे वाचले त्यांपैकी काहींनी स्वतः बाहेर पडताच हातांनी व कुऱ्हाडींनी बर्फ उकरून सोबत्यांना बाहेर काढले. शिकलेली दोरांची बांधणी अशा वेळी त्यांच्या कामी आली. उत्तरकाशीस आणि दार्जिलिंगला आजही वर्ग भरतात, आणि बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला आधी गाठ मारावयास शिकावे लागते.